जड जिभेच्या माणसाचं बायबलवाचन

मी तोतरं बोलतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण लिहिताना ते कुणाला कळत नाही, आणि आयुष्यातला बराच काळ मी ते कुणाला कळू नये यासाठीच खर्च केला आहे.

तोतरं बोलणं म्हणजे एकच अक्षर पुन्हा पुन्हा येणं, एवढंच लोकांना माहीत असतं. माझ्या बाबतीत बहुतेक वेळा काही ऐकूच येत नाही. शब्द घशाशी येऊन अडतो. तोंड उघडं, आवाज नाही. समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी कुतूहल, मग अवघडलेपण, मग मदत करायची घाई. हे टाळण्यासाठी लहानपणीच मी एक कसब मिळवलं: वाक्यातला अवघड शब्द चार पावलं आधीच हेरायचा आणि त्याला बगल द्यायची. ‘बुधवारी’ अडणार असं दिसलं की ‘परवा’ म्हणायचं. ‘पाणी’ अडलं की ‘तहान लागलीय’ म्हणायचं. ऐकणाऱ्याला वाटायचं, हा जरा फिरवून बोलतो. पण एका शब्दाला पर्याय नसतो, तो म्हणजे स्वतःचं नाव. तोतरं बोलणाऱ्या कितीतरी जणांना सगळ्यात जड जातं ते हेच. फोनवर, खिडकीपलीकडच्या कारकुनाला, नव्या माणसाला मी अनेकदा भावाचं नाव सांगितलं आहे. ते माझ्या तोंडून सुटतं, एवढ्याच कारणासाठी.

मोठ्या माणसांत शंभरात साधारण एकाला हा त्रास असतो, पुरुषांत बायकांपेक्षा बराच जास्त. घाबरल्यामुळे तो होत नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो, आणि मेंदू बोलणं जुळवतो त्या यंत्रणेचाही. हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी स्वतःला घाबरट समजत होतो, आणि घाबरट माणसाची किंमत ती काय, हा पुढचा हिशेब मी मनातल्या मनात रोज मांडत होतो. दिवसभरात किती वाक्यं नीट गेली, किती फसली. रात्री बेरीज.

ख्रिस्ती घरात वाढलो. आमचा विश्वास शब्दावर उभा आहे, हे मला फार लहानपणी टोचायला लागलं. देव बोलला आणि प्रकाश झाला. प्रारंभी शब्द होता. मंडळीत माणूस पुढे येतो तोही शब्दांनीच: पाठ वाचायचा, साक्ष द्यायची, घरगुती सभेत एकामागून एक सगळ्यांनी मोठ्यानं प्रार्थना करायची. त्या ओळीनं येणाऱ्या प्रार्थनेइतकी धास्ती मला कुठल्याच परीक्षेची वाटली नाही. माझ्या शेजारच्या माणसाचं ‘आमेन’ जवळ येत चाललंय हे कळायचं आणि त्यानं देवाला काय सांगितलं ते मला कधीच ऐकू यायचं नाही.

गंमत म्हणजे उपासनेतच एक जागा अशी होती जिथं मी अजिबात अडखळत नसे. प्रभूची प्रार्थना सगळे मिळून म्हणतात तेव्हा, विश्वासांगीकार, म्हणजे आम्ही काय मानतो त्याचं ठरलेलं निवेदन, म्हणतात तेव्हा, गीतं गाताना. एकसुरात बोललं किंवा गायलं की तोतरेपणा बहुतेकांचा जवळजवळ नाहीसा होतो, हे स्पीच थेरपीतलं जुनं निरीक्षण आहे. मला ते कुठून माहीत असणार? मी माझा स्वतःचा निष्कर्ष काढला होता: गर्दीत असलो की देव मला चालवून घेतो, एकटा उभा राहिलो की नाही. लहान मुलं किती पक्की धर्मशास्त्रं तयार करतात आणि ती कुणाला दाखवत नाहीत, याचं मला अजून नवल वाटतं.

थोडा मोठा झाल्यावर एका सभेत मला पुढे बोलावून माझ्यासाठी प्रार्थना झाली. प्रार्थना करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. मार्कनं लिहिलेल्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, सातव्या अध्यायातला उतारा वाचला गेला, बहिऱ्या आणि तोतऱ्या माणसाला येशू बरं करतो तो. डोक्यावर हात ठेवले गेले. मग मला माईक दिला गेला आणि सगळ्यांना नाव सांगायला सांगितलं. माझं नाव आलं नाही. पहिलं अक्षरही आलं नाही. कुणीतरी मागून म्हणालं, विश्वास ठेव. मी विश्वास ठेवत होतो. जिभेला ते माहीत नव्हतं. नंतर मला समजावण्यात आलं की अजून विश्वासात कुठंतरी उणीव आहे. म्हणजे आता दोन गोष्टी कमी झाल्या: बोलणं आणि विश्वास.

त्यानंतरची काही वर्षं मी उपासनेला उशिरा जात असे आणि आशीर्वचन होताच निघत असे. मंडळी सोडली नाही. पण दाराजवळच्या बाकावर बसून जितकी सोडता येते तितकी सोडली.

याच काळात लोकांनी मला वचनं दिली. कार्डावर लिहिलेली, फुलांच्या चित्रावर छापलेली, मोबाईलवर पाठवलेली. तू देवाच्या दृष्टीनं मोलवान आहेस. तुझी घडण अद्भुत आहे. बहुत चिमण्यांपेक्षा तुझं मोल अधिक आहे. खरं सांगायचं तर यांतल्या एकाही वचनानं तेव्हा माझं काही झालं नाही. ती खोटी आहेत असं मला वाटत नव्हतं. ती परिपत्रकासारखी वाटायची, सर्वांना उद्देशून, कुणालाच नाही. शिवाय ज्यांनी ती दिली तेच माझं वाक्य अर्ध्यावर तोडून स्वतः पूर्ण करत. वचन एक सांगे, वागणूक दुसरंच सांगे, आणि माणूस वागणुकीवर विश्वास ठेवतो. मला आजही वाटतं की खचलेल्या माणसाच्या हातात संदर्भाविना एक ओळ ठेवणं हा त्याच्याशी बोलणं टाळण्याचा सभ्य मार्ग असतो.

फरक पडायला सुरुवात झाली ती एका छोट्या अभ्यासगटात. चालवणाऱ्या बाई निवृत्त परिचारिका होत्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. पाच-सहा माणसं, एकच पुस्तक, आठवड्याला एखादा अध्याय, घाई नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “हे बघ, वाचायची पाळी आली आणि वाचावंसं वाटलं नाही, तर पुस्तक पुढच्याकडे सरकव. कारण सांगत बसू नकोस. आणि वाचलंस तर वेळ घे. आम्हाला कुठं जायचं नाहीये.”

निर्गम वाचायला घेतलं होतं, बायबलचं दुसरं पुस्तक, मिसरच्या गुलामीतून इस्राएल लोकांच्या सुटकेचं. तिसऱ्या अध्यायात मोशे, पुढं त्या सुटकेचा पुढारी होणारा, मेंढरं चारताना पेटलेल्या झुडपापाशी येतो. पुढं सातव्या अध्यायात त्याचं वय दिलं आहे, ऐंशी. म्हणजे उमेदीचा तरुण नव्हे. आयुष्य संपत आलं असं समजून बसलेला माणूस. देव त्याला फारोकडे, मिसरच्या राजाकडे, जायला सांगतो आणि मोशे विचारतो, मी कोण की मी जावं?

मी मनातल्या मनात पुढचं उत्तर तयार करून ठेवलं होतं. देव आता मोशेला त्याची योग्यता सांगणार: तू राजवाड्यात वाढलास, तुला मिसरी लोकांच्या रीती ठाऊक आहेत, तू मुळात धाडसी आहेस. कार्डावरच्या वचनांनी मला देवाची हीच भाषा शिकवली होती. पण बाराव्या ओवीत देव म्हणतो, मी तुझ्याबरोबर असेन.

बस्स. मोशे कोण आहे, याबद्दल एक अक्षर नाही.

मला राग आला. खूप प्रयत्नानं, मध्ये दोनदा अडून, मी म्हणालो, “हे त्या प्रश्नाचं उत्तरच नाही.”

“नाहीच,” मावशी म्हणाल्या. “मग कुठल्या प्रश्नाचं आहे, ते शोध.”

तो शोध बरेच दिवस चालला. चौथ्या अध्यायात माझाच माणूस भेटला. मोशे म्हणतो, मी बोलका नाही, आधीही नव्हतो आणि तू माझ्याशी बोलायला लागल्यापासूनही झालेलो नाही. माझं तोंड जड, माझी जीभ जड. यातलं ‘तू बोलायला लागल्यापासूनही’ हे मी किती वेळा वाचलं असेल! देवाच्या समोर उभा राहूनही जीभ सुटलेली नाही, असं तो देवालाच सांगतोय. माईक हातात धरलेल्या माझ्या जागी मोशे उभा होता, आणि कुणीही त्याला म्हणत नव्हतं की तुझ्या विश्वासात उणीव आहे. मोशेला नक्की तोतरेपणा होता का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. कुणी म्हणतात भाषेचा सराव सुटला होता, कुणी म्हणतात ही नम्रतेची रीत. मला त्या वादात फारसा रस उरलेला नाही.

देवाचं उत्तर मात्र सोपं नव्हतं. माणसाला तोंड कुणी दिलं? मुका, बहिरा, डोळस, आंधळा कोण करतो? मी परमेश्वरच ना? या ओवीशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. तिच्यातून दिलासा काढणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि तिच्यामुळे दुखावलेलीही. मला इतकंच जमलं आहे की तिच्यापुढे निघून जाताना ती वाचायची, गाळायची नाही. एक गोष्ट नक्की: या ओवीत देव मोशेच्या जिभेला अपघात म्हणत नाही आणि शिक्षाही म्हणत नाही.

पुढं काय होतं? जीभ बरी होत नाही. हातातल्या काठीचा साप होतो, हाताला कोड येऊन जातं, चमत्कारांची कमतरता नाही. पण जिभेवर चमत्कार नाही. त्याऐवजी देव त्याच्या भावाला, अहरोनाला, पाठवतो, आणि तुला पाहून त्याला मनापासून आनंद होईल असंही सांगतो. हे मला फार आवडलं. मदतनीस आला तो नाराजीनं नाही. आणि सहाव्या अध्यायात मोशे पुन्हा तीच तक्रार करतो, एकदा नव्हे, दोनदा: माझे ओठ असे, फारो माझं कसं ऐकणार? झुडूप पाहिलेला, देवाचा आवाज ऐकलेला माणूस तीन अध्यायांनंतर पुन्हा शून्यावर. ज्यांची साक्ष एका रात्रीत पूर्ण होते त्यांच्यापेक्षा हा माणूस मला जवळचा वाटला.

मग मी हे उत्तर इतरत्र शोधायला लागलो आणि ते जागोजाग सापडलं. शास्ते या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देव गिदोनाला लोकांना सोडवायला पाठवतो तेव्हा तो म्हणतो, माझं कूळ मनश्शेत सगळ्यांत दुबळं आणि माझ्या घरात मी सगळ्यांत धाकटा. उत्तर: मी तुझ्याबरोबर असेन. देव संदेष्टा म्हणून बोलावतो तेव्हा यिर्मया म्हणतो, मला बोलता येत नाही, मी पोर आहे. उत्तर: पोर आहे असं म्हणू नकोस, मी तुझ्याबरोबर आहे. तिघांनीही आपली किंमत विचारली आणि तिघांनाही सोबत मिळाली. मावशींचा प्रश्न तेव्हा उलगडायला लागला. ‘मी कोण’ हा प्रश्न एकट्या माणसाचा प्रश्न आहे. सोबतीला कुणी आहे, आणि तो कोण आहे हे माहीत आहे, असा माणूस तो प्रश्न विचारायचं हळूहळू विसरतो. त्याला उत्तर मिळालेलं नसतं. विचारायची गरज ओसरलेली असते.

निर्गमच्या तेहतिसाव्या अध्यायात म्हटलं आहे की माणूस मित्राशी बोलतो तसा परमेश्वर मोशेशी समोरासमोर बोलत असे. तोतरं बोलणाऱ्या कुणालाही विचारा: मित्राशी बोलताना निम्मं ओझं उतरलेलं असतं.

त्या हिवाळ्यात मी मार्कचा सातवा अध्यायही पुन्हा उघडला. इतकी वर्षं तो टाळत होतो. चार-पाच ओव्याच आहेत. येशू त्या माणसाला लोकांतून बाजूला, एकांतात नेतो. हे वाक्य सभेत वाचलं गेलं होतं आणि कुणीच ऐकलं नव्हतं, मीसुद्धा नाही. बाजूला नेतो. मग कानांत बोटं घालतो, थुंकून जिभेला स्पर्श करतो, वर आकाशाकडे पाहतो, उसासा टाकतो. म्हणजे जो ऐकू शकत नाही त्याच्याशी येशू आधी हातांनी बोलतो. काय होणार आहे ते त्याला कळेल अशा भाषेत सांगतो. आणि उसासा! शुभवर्तमानकारानं हा उसासा का लिहून ठेवला असेल, याचा मी बराच विचार केला आहे. बरं झाल्यावर येशू त्याला लोकांसमोर नाव सांगायला उभं करत नाही. उलट, कुणाला सांगू नका म्हणतो.

मला बरं केलं गेलं नाही. पण त्या उताऱ्यातला माणूस बरा होण्याआधी ज्या रीतीनं वागवला गेला, ती रीत माझ्या हक्काची आहे, हे मला पहिल्यांदा कळलं. मला ज्या रीतीनं वागवलं गेलं होतं ती येशूची नव्हती. हा फरक कळला आणि देवावरचा माझा निम्मा राग पत्ता चुकलेला होता हे लक्षात आलं. उरलेला निम्मा अजून अधूनमधून डोकं वर काढतो.

मग एकशे एकोणचाळिसावं स्तोत्र. चौदावी ओवी, अद्भुत घडणीची, माझ्याकडे कार्डावर कितीतरी वर्षं पडून होती. चौथ्या ओवीपर्यंत मी कधी गेलोच नव्हतो. शब्द माझ्या जिभेवर यायच्या आधीच, हे परमेश्वरा, तू तो पूर्णपणे जाणतोस. हे वाचून मी चक्क हसलो. माझं वाक्य काय असणार हे मला भेटणाऱ्या प्रत्येकाला आधीच माहीत असल्यासारखं वाटतं. ते पूर्ण करून देतात, आणि बहुतेक वेळा चुकीचं. मला चहा नको असतो आणि ‘नको’ अडला की तो समोर येतो. इथं एकजण आहे ज्याला खरोखरच वाक्य आधीपासून ठाऊक आहे, आणि तोच तेवढा ते माझ्यासाठी पूर्ण करत नाही. थांबतो. माझ्याबद्दलचा आदर म्हणजे नेमकं काय, ते मला या ओवीनं शिकवलं. चौदाव्या ओवीला त्यानंतरच अर्थ आला.

तसंच यशयाच्या त्रेचाळिसाव्या अध्यायाचं. तू मोलवान आहेस ही चौथी ओवी कार्डावर असते. पहिली ओवी अशी की, भिऊ नकोस, मी तुला सोडवलं आहे, तुला नावानं हाक मारली आहे, तू माझा आहेस. ज्याला स्वतःचं नाव उच्चारता येत नाही, जो काउंटरवर भावाचं नाव सांगून निघून येतो, त्याचं नाव दुसरं कुणीतरी न अडखळता घेतंय. या ओवीनं मी रडलो. एवढंच लिहितो, जास्त लिहिलं तर ते कार्डावर जाईल.

पौलाबद्दल थोडं, पहिल्या मंडळ्यांना पत्रं लिहिणाऱ्या प्रेषिताबद्दल. मंडळीत त्याचा उल्लेख मोठा वक्ता म्हणून होतो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या दहाव्या अध्यायात तो स्वतःच सांगतो की लोक त्याच्याबद्दल म्हणतात, पत्रं वजनदार आहेत खरी, पण प्रत्यक्षात माणूस अशक्त आणि बोलणं टाकाऊ. पहिल्या पत्रात तो लिहितो, मी तुमच्याजवळ अशक्तपणे, भीत भीत, कापत कापत आलो. आणि त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात एक अजब वाक्य आहे: तुम्ही माझा न्याय केलात काय किंवा कुठल्या मानवी न्यायालयानं केला काय, मला त्याचं फारसं काही नाही, मी स्वतःसुद्धा माझा न्याय करत नाही. पहिला भाग मला समजू शकत होता. ‘मी स्वतःसुद्धा’ हा भाग वाचून माझी रात्रीची बेरीज डोळ्यांपुढे आली. ती बंद करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. ती बंद करता येते हेही माहीत नव्हतं. कितीतरी रात्री ती मी सवयीनं सुरू करायचो, अर्ध्यावर पौल आठवायचा, आणि मी कूस बदलायचो. काही रात्री पूर्ण करायचो.

एक अडचण मला दीर्घकाळ सुटत नव्हती. आमच्या प्रार्थना ‘मी पापी, मी अपात्र’ या सुरात सुरू होतात. मग स्वतःची किंमत वाटणं हा गर्व नाही का? मी मावशींना विचारलं तेव्हा त्यांनी लूकचा सातवा अध्याय काढून दिला. शताधिपतीचा, म्हणजे एका रोमी लष्करी अधिकाऱ्याचा, दास आजारी आहे. यहूदी वडीलधारे येशूला सांगतात, हा माणूस योग्य आहे, यानं आम्हाला सभास्थान बांधून दिलं. शताधिपती स्वतः निरोप पाठवतो, तुम्ही माझ्या छपराखाली यावं एवढी माझी योग्यता नाही. येशू दोन्ही बाजू ऐकतो आणि योग्यतेच्या मुद्द्यावर काहीच बोलत नाही. दास बरा होतो. मावशी म्हणाल्या, “योग्य, अयोग्य, दोघं एकाच तराजूत बसलेत रे. प्रभू त्या तराजूकडे बघतच नाही.” येशूनं सांगितलेल्या गोष्टीतल्या उधळ्या पुत्राचंही तसंच, बापाचा पैसा उडवून घरी परतणाऱ्या. त्यानं वाटेत तीन वाक्यं पाठ केली होती. शेवटचं, मला तुमच्या मजुरांपैकी एकासारखं ठेवा. घरी पोहोचल्यावर ‘मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला योग्य नाही’ इथपर्यंत येतो आणि बाप चाकरांना झगा आणायला सांगतो. मजुरीचं वाक्य आतच राहतं. माणसाचं वाक्य मध्येच तोडणं मला आवडलं अशी ही एकमेव जागा.

धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं 1518 मध्ये हायडेलबर्गच्या वादसभेसाठी मांडलेल्या विधानांपैकी अठ्ठाविसावं विधान हेच सांगतं: माणसाचं प्रेम आवडण्याजोगं काही दिसलं की जागं होतं; देवाचं प्रेम तसं काही शोधत नाही, ते घडवतं. मी हे वाचलं तेव्हा मला ते नवीन वाटलं नाही. कथांमधून ते आधीच अंगात मुरलं होतं. धर्मशास्त्र माझ्याकडे असं उलट्या दिशेनं आलं, आणि माझ्यासारख्यांना तीच दिशा मानवते असं वाटतं.

आता एक गोष्ट जी मंडळीत सांगितली की काहींना पटत नाही. मी स्पीच थेरपिस्टकडे गेलो ते या सगळ्यानंतर, आणि या सगळ्यामुळे. आधी गेलो असतो तर ‘मला दुरुस्त करा’ म्हणून गेलो असतो. आता दुरुस्त होण्यावर माझं काही टांगलेलं नव्हतं, म्हणून जाता आलं. तिनं शिकवलेली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे मुद्दाम अडखळणं. चक्क अनोळखी माणसाशी बोलताना स्वतःहून, सावकाश, न लपवता शब्द अडवायचा आणि त्याच्या डोळ्यांत बघत राहायचं. भीती अडखळण्यापेक्षा लपवण्यात जास्त असते, म्हणून ही पद्धत. पहिल्यांदा करताना पाय लटपटत होते. पण मी कधीचाच बाजूला नेला गेलेलो होतो, कानांत बोटं घातली गेली होती. लोकांसमोर अडखळण्यानं आता काय जाणार होतं? मी बुधवार म्हणायला लागलो. पाणी मागायला लागलो. भावाला त्याचं नाव परत दिलं.

वाईट दिवस येतात. शास्तेच्या बाराव्या अध्यायात यार्देन नदीच्या उतारावर ‘शिब्बोलेथ’ म्हणता न आल्यामुळे बेचाळीस हजार माणसं मारली गेल्याचं लिहिलं आहे. एखाद्या मुलाखतीला गेलो, पहिल्याच प्रश्नाला घसा बंद झाला आणि समोरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं, की मी त्या उतारावर उभा असतो. अशा दिवशी कुठलंच वचन आठवत नाही. आठवतं ते एवढंच की सहाव्या अध्यायातला मोशेही असाच होता आणि सातव्या अध्यायात तो फारोसमोर गेला, अहरोनाला बरोबर घेऊन. मी मावशींना फोन करतो. फोनवर मी आणखी अडखळतो आणि त्या थांबतात.

पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या, रविवारी पाठ वाचायला कुणी सहसा तयार नसतं. प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय: पार्थी, मेदी, एलामी, मेसोपटेम्या, कप्पदुकिया, फ्रुगिया, पंफुल्या. अस्खलित बोलणारेही तिथं घसरतात. गेल्या वेळी पाळकांनी यादी फिरवली तेव्हा त्या ओळीपुढे मी माझं नाव लिहिलं. वाचायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला. कप्पदुकियावर इतका अडलो की पुढच्या बाकावरचा एक मुलगा मान वर करून बघायला लागला. कुणी शब्द पुरवला नाही. फ्रुगिया मात्र मी साफ चुकीचा वाचला, आणि त्याचा तोतरेपणाशी काही संबंध नव्हता. तो उच्चार मला आजही नीट माहीत नाही. पुढच्या वर्षीसाठी यादीत नाव आत्ताच घातलं आहे, तोवर कुणाला तरी विचारून ठेवीन.